विश्लेषण : फुटलेल्या दगडावरचा लेख वाचतात कसा? ‘चंपा’च्या शिलालेखांचे कोडे काय?

व्हिएतनाममधील मी सन मंदिर समूहात मे २०२० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पथकाला अखंड दगडातील शिवलिंग सापडले आणि ‘चंपा’ हे नाव आपल्याकडे चर्चेत आले. मात्र या राज्याचा इतिहास मूर्तींपेक्षा अधिक कळतो तो कोरीव लेखांतून. अडचण अशी, की यातील अनेक लेख फुटलेले, झिजलेले किंवा अर्धवट आहेत. मग ते वाचले कसे जातात?

चंपा म्हणजे काय?

आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनारपट्टीवरील चाम लोकांचे हे राज्य. अमरावती, विजय, कौठार, पांडुरंग ही त्यातील प्रदेशांची नावे. पांडुरंग म्हणजे आजचा फान रांग परिसर. नाव ओळखीचे असले, तरी तेवढ्यावरून पंढरपूरशी नाते जोडण्याची घाई नको. १४७१ मध्ये दाइ व्हिएतने विजय नगर जिंकले आणि १८३२ मध्ये उरलेले पांडुरंगही व्हिएतनामच्या राज्यात विलीन झाले.

लेख कोणत्या भाषेत आहेत?

संस्कृत आणि जुनी चाम, या दोन भाषांत. लिपी ब्राह्मीच्या दक्षिणी कुळातील. चाम ही मलायच्या कुळातील, म्हणजे ऑस्ट्रोनेशियन भाषा. त्रा कियूजवळचा दोंग येन चाऊ लेख साधारण चौथ्या शतकातील मानला जातो आणि या संपूर्ण भाषाकुळातील तो सर्वात जुना ज्ञात लेख आहे. राजाच्या नागाचा मान राखणाऱ्याला रत्ने आणि अवमान करणाऱ्याला सात पिढ्यांसह नरक, असा त्याचा आशय. आपल्याकडचे गधेगळ पाहिलेल्यांना ही शापवाणी अनोळखी वाटणार नाही.

गहाळ अक्षरे कशी भरतात?

आधी ठसा घेतात. ओला कागद दगडावर ठेवून ब्रशने ठोकतात, तो खाचांत बसला की वरून शाई लावतात. अक्षरे पांढरी उमटतात. काही दगड नंतर हरवले किंवा आणखी झिजले, तिथे जुना ठसा हाच पुरावा उरतो.

त्यानंतर मदतीला येते वृत्त. अनुष्टुभात प्रत्येकी आठ अक्षरांचे चार चरण असतात. त्यामुळे किती अक्षरे गेली हे मोजता येते आणि काही जागी लघू हवे की गुरू हेही ठरते. क्यूआर कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो अनेकदा स्कॅन होतो, कारण उरलेल्या भागात गेलेल्या भागाची माहिती असते. वृत्ताचे काम काहीसे तसेच. पण जुन्या चाम भाषेतील मजकूर प्रामुख्याने गद्य आहे. तिथे हा आधार नाही, शिवाय अनेक शब्दांचे अर्थ अजून निश्चित नाहीत. म्हणून संपादक दगडावर नसलेली, स्वतः भरलेली अक्षरे चौकटी कंसात दाखवतात.

काळ कसा ठरतो?

चंपाचे लेख शक वर्षे वापरतात. आपल्या पंचांगातील शालिवाहन शक तो हाच. त्यात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळते. मात्र संस्कृत लेखांत आकडे अनेकदा शब्दांत येतात. उदाहरणादाखल, ‘शर, गगन, नाग’ म्हणजे ५, ०, ८. एकक आधी असल्याने हे शके ८०५, म्हणजे इ. स. ८८३. तिसरा शब्द फुटला तर शके ७०५, ८०५ की ९०५ हा प्रश्न उरतो आणि अक्षरांच्या वळणावरून शतक ठरवावे लागते.

चूक झाली तर काय बिघडते?

न्हा त्रांगजवळच्या वो कान्ह शिलालेखाचे उदाहरण घ्या. या झिजलेल्या संस्कृत लेखात ‘श्रीमार’ या राजाच्या कुळाचा उल्लेख आहे. काही अभ्यासकांनी हा श्रीमार म्हणजे चिनी ग्रंथांतील, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस राज्य स्थापणारा पुरुष असे मानले. इतिहासकार र. चं. मजुमदार यांनीही १९२७ च्या ग्रंथात चंपाचा आरंभ असाच मागे नेला. लेखाचा काळ मात्र दुसऱ्यापासून पाचव्या शतकापर्यंत वेगवेगळा सांगितला गेला आणि तो चंपाचा की शेजारच्या फुनानचा, यावरही वाद झाला. म्हणजे एका नावाच्या ओळखीवर राज्याचा आरंभ दोन-तीन शतके पुढे-मागे होतो.

सध्या काम कुठे आहे?

एतिएन एमोनिए, आबेल बेर्गेन्य, लुई फिनो यांनी सुरू केलेले काम २००९ पासून फ्रान्सच्या ‘एकोल फ्रान्सेज द एक्स्ट्रीम ओरिएंट’ या संस्थेच्या प्रकल्पाने नव्याने हाती घेतले. दगड पुन्हा तपासून, जुने ठसे ताडून वाचने ऑनलाइन दिली जात आहेत. त्यामुळे चंपाबद्दलचा एखादा मोठा दावा समोर आला, तर मूळ वाचन उघडून आधी चौकटी कंस पाहावा. दाव्याचा शब्द कंसाच्या आत असेल, तर तो दगडाचा नव्हे, संपादकाचा आहे.