हाडाचा कर्करोग : केमो घेऊन घरी आल्यावर

हाडाचा कर्करोग बहुधा दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींना, गुडघ्याच्या आसपास होतो. ‘कबड्डीत लागलं असेल’ म्हणून घरी तेल चोळतात, लेप लावतात. दुखणे दोन-तीन आठवडे थांबत नसेल, रात्री ठणकत असेल किंवा सूज वाढत असेल, तर चोळू नये. आधी एक्स-रे काढावा.

पूर्वी पाय कापूनही बहुतेकांच्या फुप्फुसांत हा आजार उलटत असे. १९७० च्या दशकात केमोथेरपी आली आणि चित्र पालटले. आजार पसरलेला नसल्यास केमो व शस्त्रक्रिया मिळून आज दहापैकी सहा-सात रुग्ण पाच वर्षे पार करतात. अनेकांचा पायही वाचतो.

यातले मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत द्यायचे तर रुग्णाला भरती ठेवून रक्तातील औषध वारंवार मोजावे लागते. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन व आयफॉस्फामाइड यांची योजना वापरली. अशी औषधे सोयी असलेल्या केंद्रात दिवसा सलाईनमधून देऊन रुग्णाला संध्याकाळी सोडता येते. खर्च वाचतो, पोर घरचे जेवते.

मात्र सुटी मिळाली म्हणजे धोका टळला, असे नाही. वॉर्डातल्या नर्सचे काम आता आईबापांवर येते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटतात. तेव्हा साधा वाटणारा तापही जिवावर बेततो.

म्हणून घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक भरला, थंडी वाजली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. शिरेतून अँटिबायोटिक तातडीने सुरू व्हावे लागते. नांदगाव पेठेहून अमरावती जवळ, नागपूर लांब. रात्री कोठे जायचे, हे केमोच्या डॉक्टरांना आधीच विचारून फोन नंबर फाइलवर लिहून ठेवा. गाडीवाल्यालाही सांगून ठेवा. दवाखान्यात पोचताच ‘केमो सुरू आहे’ हे पहिले वाक्य बोला.

डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. त्याने घाबरू नये. लाली त्यानंतरही राहिली, लघवी कमी झाली किंवा उलट्यांमुळे पाणीही ठरेना, तर लगेच कळवावे. दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. हात धुवावेत, ताजे शिजवलेले अन्न द्यावे, लग्नाची गर्दी टाळावी.

केस गळतात, ते पुन्हा येतात. त्यासाठी पुढची केमो चुकवू नका.