सप्तर्षीतला दुसरा सूर्य

तारा : ४७ अर्सा मेजॉरिस, अर्थात चालावान. सप्तर्षी तारकासमूहातला, पण नेहमीच्या सातांपैकी नव्हे. रंग, तापमान, वस्तुमान जवळपास आपल्या सूर्यासारखे.

अंतर : सुमारे ४५ प्रकाशवर्षे. अंधाऱ्या माळरानावरून नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो.

पहिला ग्रह : १९९६ मध्ये जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी शोधला. वस्तुमान गुरूच्या किमान अडीच पट. एक फेरी सुमारे ३ वर्षांची.

भावंडे : आणखी दोन महाकाय ग्रह, दोन्ही अधिक दूरच्या कक्षांत.

सापडला कसा? ग्रह दिसला नाही, तारा डुलताना दिसला. पहिल्या ग्रहाच्या ओढीने तारा सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने पुढे-मागे होतो. गुरूमुळे आपला सूर्य हलतो तो सेकंदाला साडेबारा मीटरनेच.

नावे : २०१५ मध्ये थायलंडच्या लोककथेतून मिळाली. चालावान हा मगरींचा राजा; तफाओ थोंग आणि तफाओ केव या कथेतल्या दोघी बहिणी पहिल्या दोन ग्रहांना नावे देऊन गेल्या.

टपाल : २००१ मध्ये युक्रेनमधल्या येव्पातोरिया इथून या ताऱ्याकडे रेडिओ संदेश धाडला. पोहोचेल २०४७ मध्ये. उलटटपाली उत्तर आलेच, तर २०९० नंतर!