शेजारचं दार का रंगवायचं?

डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही गॅरेजमध्ये एक वाद हमखास ऐकू येतो. गाडी चंदेरी, ओरखडा मागच्या दाराला आणि पेंटर म्हणतो, "साहेब, पुढच्या दारावरही थोडा हात मारावा लागेल." साहेबांना वाटतं, हा बिल फुगवायचा धंदा. साध्या पांढऱ्या गाडीच्या मालकाला मात्र तोच पेंटर बहुतेक वेळा एकाच दारात मोकळं करतो. फरक गाडीच्या किमतीत नाही, रंगाच्या जातीत आहे.

साध्या म्हणजे सॉलिड रंगातली रंगद्रव्यं प्रकाश चहूकडे सारखा विखुरतात. त्यामुळे गन थोडी जवळ धरली काय, लांब धरली काय, लाल तो लालच. मेटॅलिकचं तसं नाही. त्यात ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे असतात. रुंदी साधारण 10 ते 30 मायक्रॉन, जाडी बहुधा एका मायक्रॉनच्याही आत. आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक पापुद्रा आरशाचं काम करतो. सगळे सपाट पडले, तर पत्रा समोरून लख्ख दिसतो आणि तिरक्या नजरेला गडद. वाकडेतिकडे उभे राहिले, की समोरून मळकट आणि बाजूने उजळ. डब्यातला रंग तोच, छटा मात्र दोन. मेटॅलिकची छटा निम्मी डब्यात तयार होते आणि उरलेली निम्मी पत्र्यावर, रंग सुकेपर्यंतच्या काही मिनिटांत.

त्या मिनिटांवर पेंटरचा ताबा किती, यावर सगळं अवलंबून. कोट ओला पडला, तर पापुद्रे हौदातल्या पाचोळ्यासारखे तरंगत, उलटत राहतात, खाली बसतात आणि छटा काळवंडते. कोट कोरडा पडला, तर ते पडले तिथेच आडवे राहतात आणि पत्रा उजळतो. बेस कोटसाठी साधारण 1.3 मिलिमीटरचा नोझल घेतात, गन पत्र्यापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर ठेवतात आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवतात. मनगट वळवून गन कमानीत फिरवली, की मध्ये ओलं, कडांना कोरडं. मग दारावर आडवे पट्टे दिसतात किंवा ढग उठतात. हे ढग मोडायला कसलेला पेंटर शेवटी गन जरा मागे घेतो, हवा कमी करतो आणि एक हलका तुषार सोडतो. दोन मिनिटांचं काम, पण हात तिथेच कळतो. तुषार जास्त झाला, की दार शेजारच्या दारापेक्षा पांढुरकं.

चूक झाली तर घासून काढू, ही सोयही इथे नाही. सॉलिड रंगात धुळीचा कण बसला, तर वॉटर पेपर आणि कंपाउंडने तो निघतो. मेटॅलिक बेसवर पेपर फिरवला, की पापुद्रेच ओरबाडले जातात. तेवढा भाग पुन्हा मारावाच लागतो. पूर्वीच्या मेटॅलिकवर वेगळा पारदर्शक थर नसे, त्यामुळे उन्हापावसात ॲल्युमिनियम निस्तेज व्हायचं. साधारण 1970-80 च्या दशकांत बेस आणि वर क्लिअर ही पद्धत जगभर पसरली. टिकाऊपणा वाढला, दुरुस्ती किचकट झाली.

बरं, जुळवायचं ते कारखान्याच्या रंगाशी. तिथे रोबोटच्या हातातली घंटेच्या आकाराची चकती मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे घेते, रंगाच्या थेंबांना विजेचा भार देते आणि बॉडी सुमारे 140 अंशांवर भाजली जाते. गॅरेजमध्ये तयार गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक असतं, म्हणून बूथ 60 अंशांच्या आसपास ठेवून हार्डनर मिसळलेलं टू-के क्लिअर वापरतात. पापुद्रे तसेच पडणार कसे? खुद्द कारखान्यांनाही हे पुरतं साधलेलं नाही. शोरूममधली कोरी चंदेरी गाडी उन्हात काढून बंपर आणि फेंडर यांच्यामधली फट पाहा. बंपर प्लास्टिकचा, अनेकदा वेगळ्या ठिकाणी रंगवलेला, आणि फरक तुमचा तुम्हाला दिसेल.

गाडीवरच्या कलर कोडवरून फॉर्म्युला मिळतो, पण एकाच कोडचे अनेक पोटप्रकार निघतात. चांगल्या बॉडीशॉपमध्ये तीन किंवा अधिक कोनांतून छटा मोजणारं यंत्र असतं. तरी खरा निकाल देतं ते नमुना-कार्ड. त्याच गनने, त्याच हवेवर मारलेलं, वर क्लिअर चढवलेलं आणि गाडीशेजारी उन्हात धरलेलं. बोटाने ठिपका लावून "मॅच झाला" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बोटाखाली पापुद्रे वेगळे पडतात आणि क्लिअरशिवाय छटा कळतच नाही.

हवामान हा आणखी एक भागीदार. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ते रोज काढलं नाही, तर थेंब गनमधून थेट दारावर. मे महिन्यातल्या विदर्भात उलटं. रंग हवेतच सुकून खरखरीत पडतो, म्हणून सावकाश उडणारा थिनर लागतो.

आता शेजारच्या दाराकडे येऊ. डोळ्याला छटेतला हळूहळू होणारा बदल सहसा कळत नाही. दोन दारांच्या सीमेवरची तुटक रेघ लगेच कळते. म्हणून पुट्टी आणि प्रायमर फक्त मार लागलेल्या जागी, बेस कोट विरळ करत शेजारच्या दारावर नेलेला आणि क्लिअर दोन्ही दारांवर काठापर्यंत. मध्येच थांबवलेल्या क्लिअरची कड काही काळाने उघडी पडते. रंग हुबेहूब जुळवण्यापेक्षा सीमा नाहीशी करणं, हीच या धंद्यातली खरी विद्या आहे असं माझं मत आहे. चंदेरीत ती सर्वात अवघड, कारण दोष झाकायला दुसरा रंगच नाही. मोतिया पांढरा किंवा माझ्दाचा 'सोल रेड क्रिस्टल' अशा तीन थरांच्या रंगांत मधल्या थराची जाडी बदलली तरी छटा बदलते. तिथे तर एकट्या दाराचा हट्ट धरूच नये.

विमा इथे फारसा मदतीला येत नाही. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर 50 टक्के घसारा कापतात. बिल एकत्र असेल, तर एकूण पेंटिंगच्या 25 टक्के साहित्य धरून. शेजारचं दार मंजूर करायला सर्व्हेअर अनेकदा तयार नसतो, आणि मग घासाघीस पेंटरशी होते.

त्या घासाघिशीत काय कापलं जातं, तेही पाहावं. टू-के हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि एकदा जडला, की पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. नळीतून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पेंटर तोंडाला रुमाल बांधून बूथमध्ये, किंवा ताडपत्रीच्या आडोशाला, क्लिअर मारत असतो. गॅरेज निवडताना दर विचारतो, तसं मास्कचंही विचारा. आणि रंगवलेली चंदेरी गाडी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ताब्यात घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी जा, ती उन्हात उभी करायला सांगा, समोरून, तिरकं आणि बाजूने न्याहाळा, मगच उरलेले पैसे द्या.