नसलेल्या रस्त्यांची यादी कशाला?

१९५४ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये जॉर्ज डँट्झिग, रे फल्कर्सन आणि सेल्मर जॉन्सन या तीन गणितज्ञांनी एका फिरत्या विक्रेत्याची फेरी आखली. तेव्हाच्या ४८ राज्यांतलं प्रत्येकी एक शहर आणि राजधानी वॉशिंग्टन, अशी एकूण ४९ ठिकाणं. प्रत्येक शहरात एकदाच जायचं, निघालो तिथे परत यायचं आणि अंतर कमीत कमी ठेवायचं. वॉशिंग्टन ते बॉस्टन या वाटेवरच बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क अशी सात शहरं लागतात. ती बाजूला काढल्यावर खरा प्रश्न ४२ शहरांचा उरला.

या गणितात शोधायचं असतं ते एवढंच : कोणत्या दोन शहरांमधला रस्ता फेरीत घ्यायचा? म्हणून शहरांच्या प्रत्येक जोडीसाठी एक चल, म्हणजे व्हेरिएबल, मांडतात. रस्ता घेतला तर त्याची किंमत १, नाही तर ०. आता ४२ ओळी आणि ४२ रकान्यांचा तक्ता आखला, तर १,७६४ घरं होतात. त्यातल्या ४२ घरांना अर्थच नाही, कारण शिकागोहून शिकागोला कोणी जात नाही. उरलेल्यांपैकी निम्मी घरं दुबार आहेत, कारण अंतर जाताना आणि येताना सारखंच धरलेलं आहे. खऱ्या कामाचे चल उरतात फक्त ८६१. हे गणित हातानं सोडवणाऱ्यांना एकही फाजील चल परवडणारा नव्हता.

आज हेच काम संगणक करतो, आणि सोयीबरोबर आळसही येतो. पूर्ण तक्ता जाहीर करायला एक ओळ पुरते, म्हणून बरेच जण तेच करतात. प्रत्येक चलाला दोन इंडेक्स, म्हणजे दोन शहरांचे क्रमांक, असतात. नेमके ८६१ चल हवे असतील, तर दुसऱ्या इंडेक्सची व्याप्ती पहिल्यावर अवलंबून ठेवावी लागते. पहिला इंडेक्स १ ते ४२ फिरेल. दुसरा मात्र पहिल्याच्या पुढच्या आकड्यापासून ४२ पर्यंत. पहिला १ असताना दुसऱ्याला ४१ पर्याय, २ असताना ४०, ४१ असताना एकच आणि ४२ असताना एकही नाही. ४१ पासून १ पर्यंतची बेरीज बरोबर ८६१ भरते.

अशी मांडणी गणिताच्या वहीत पूर्वीपासून होती. तिला संगणकाच्या भाषेत जागा मिळाली ती खास ऑप्टिमायझेशनसाठी, म्हणजे सर्वोत्तम पर्याय शोधण्यासाठी, घडवलेल्या भाषांमुळे. १९७०च्या दशकात जागतिक बँकेत गॅम्स आकाराला आली. तिच्यात अट घालायला डॉलरचं चिन्ह वापरतात. १९८५च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट फोरर, डेव्हिड गे आणि ब्रायन कर्निहान यांनी अँपल रचली. हे कर्निहान म्हणजे सी भाषेवरच्या प्रसिद्ध पुस्तकाचे सहलेखक. पुढे सँडिया प्रयोगशाळेतून पायथनमधलं पायोमो आलं आणि एमआयटीतल्या विद्यार्थ्यांनी ज्युलिया भाषेत जंप उभं केलं.

जंपमध्ये अवलंबून असलेला इंडेक्स थेट चौकटी कंसात लिहिता येतो. पथ्य एकच : ज्याच्यावर अवलंबून राहायचं तो इंडेक्स आधी यायला हवा. क्रम उलटा झाला, तर त्याचं नाव अजून ठाऊकच नाही म्हणून प्रोग्रॅम तिथेच थांबतो. जंप असे चल साठवतंही वेगळ्या पद्धतीनं. सगळ्या जोड्या असतील तर चौकोनी तक्ता पुरतो. काही जोड्याच असतील तर टेलिफोन डिरेक्टरीसारखी नोंदवही तयार होते. नाव नोंदलेलं असेल तर चल मिळतो, नसेल तर त्रुटीचा संदेश.

नवशिके अडखळतात ते इथेच. प्रत्येक शहराला फेरीतले नेमके दोन रस्ते जोडलेले असावेत, ही या प्रश्नातली पहिली अट. पाचव्या शहरासाठी ती लिहिताना (५, ६) पासून (५, ४२) पर्यंतचे चल सहज सापडतात. पण (५, १) नावाचा चल नाहीच. तो रस्ता (१, ५) या नावानं नोंदलेला आहे. म्हणून बेरजेचे दोन तुकडे करावे लागतात, किंवा दोन आकड्यांतला लहान आधी घेण्याचा नियम पाळावा लागतो. चल ज्या संचावर जाहीर केले, त्याच संचावर अटी लिहायच्या, हे पथ्य सगळ्या भाषांत लागू पडतं.

कारखान्यातलं नियोजन घेतलं की फरक आणखी ठळक होतो. समजा १,००० कामं, २०० यंत्रं आणि ३० दिवस आहेत. सरसकट चल केले तर ६० लाख. पण प्रत्येक काम तीनच यंत्रांवर होऊ शकत असेल, तर खरे चल ९० हजार. इथे यंत्रांचा संच कामावर अवलंबून आहे, आणि तो कोणत्याही सूत्रातून निघत नाही, कारखान्याच्या नोंदींतून येतो. नको असलेले चल शून्यावर बांधून ठेवण्याचा मार्ग आहे, आणि आजचे सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारे प्रोग्रॅम, असे चल सुरुवातीलाच गाळून टाकतात. मात्र गाळण्याआधी ते तयार करावे लागतात; त्यात वेळ जातो आणि मेमरी भरते.

आणखी एक बारकावा. काम, यंत्र आणि दिवस यांच्या सगळ्या जुळण्यांवर फिरून अट तपासणं वेगळं आणि मुळात हव्या त्याच जुळण्यांवर फिरणं वेगळं. पहिल्या पद्धतीत शेवटी चल ९० हजारच होतात, पण तपासण्या ६० लाख होतात. प्रत्येक कामाची यंत्रं आधीच यादीत लिहून ठेवली, तर फेऱ्याही ९० हजारच. मॉडेल, म्हणजे चल आणि अटींची ही मांडणी, सोडवायला सेकंद आणि उभं करायला मिनिटं लागत असतील, तर आधी इथे पाहावं.

म्हणून मॉडेल लिहिणाऱ्यानं संगणकाकडे वळण्याआधी चलांची संख्या कागदावर काढावी. बहुतेक सॉल्व्हर सुरुवातीलाच ओळी आणि रकाने यांचे आकडे छापतात. त्यातले रकाने म्हणजे चल. हा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर उत्तराची वाट पाहत बसू नये. आधी इंडेक्सचा संच तपासावा.