मोटारसायकलबरोबर कोणतीं हत्यारें बाळगावीं?

पूर्वीं बैलगाडी घेऊन दूरच्या बाजारास निघणारा शेतकरी वंगणाची नळी, एखादी जादा शिवळ आणि दोराचा वेढा गाडीस बांधल्यावांचून गांवाची शीव ओलांडीत नसे. वाटेंत काय मोडतें हें त्यास अनुभवानें ठाऊक असे, आणि जें मोडतें त्याचीच तजवीज तो बरोबर घेई. हल्लीं आमच्या बहुतेक वाचकांच्या दारांत मोटारसायकल उभी असते. डेअरीस दूध पोंचविणें, बी-बियाणें आणणें, रात्रीं-अपरात्रीं दुखणाइतास दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें तिच्यावर होतात. परंतु ती वाटेंतच बंद पडली तर काय करावें, याची तजवीज मात्र फार थोड्या घरीं आढळते. त्या तजविजीचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. एके पावसाळ्यांत दोन कॅन दूध घेऊन आम्ही संकलन केंद्राकडे निघालों असतां ओढ्याच्या चढावर चेन निसटली. पाहतों तों जोडकडीची क्लिप उडून गेलेली, आणि कडी चिखलांत कोठें पडली तें कळेना. गाडीच्या पेटींत लहानमोठे अकरा पाने होते. त्यांपैकीं एकाचाही त्या वेळीं उपयोग नव्हता. जिनें काम भागलें असतें ती जोडकडी मुठींत मावण्याजोगी व अगदीं थोड्या किमतीची असते. गाडी ढकलीत नेईपर्यंत केंद्र बंद झालें आणि त्या दिवसाचें दूध वायां गेलें. हत्यारांची संख्या म्हणजे तयारी नव्हे, हा धडा आम्हीं तेव्हां घेतला.

म्हणून हत्यारें निवडण्यापूर्वीं बिघाडांचे तीन वर्ग करावे. पहिला वर्ग वारंवार होणाऱ्या व वाटेंत दुरुस्त होणाऱ्या बिघाडांचा: पंक्चर, चेनची कडी, क्लचची वा ॲक्सिलरेटरची केबल, फ्यूज, खराब झालेला प्लग, बॅटरीचें सैल टोंक, खडखडाटानें सुटलेला नट. दुसरा वर्ग वाटेंत पुरी दुरुस्ती होत नाहीं, पण तात्पुरतें बांधून घर गांठतां येतें अशांचा: मोडलेला इंडिकेटर, लोंबणारा मडगार्ड, सायलेन्सरचा तुटलेला पट्टा. तिसरा वर्ग वाटेंत हात लावूं नये अशांचा: इंजिनच्या आंतील भाग, तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक आणि पेट्रोलची फवारणी करणारी विजेची यंत्रणा. पहिल्या वर्गासाठीं हत्यार व सुटा भाग दोन्ही घ्यावे. दुसऱ्यासाठीं तार व चिकटपट्टी पुरे. तिसऱ्यासाठीं कांहींही घेऊं नये.

आपली गाडी कोणत्या काळाची आहे हेंही पाहावें. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत नव्या दुचाकींस धुराविषयींचें ‘बी.एस. ६’ हें मान लागू झालें, आणि तेव्हांपासून बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बुरेटर जाऊन विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल फवारलें जाऊं लागलें. जुन्या गाडीच्या कार्बुरेटरमध्यें पाणी किंवा कचरा आला तर तळचा स्क्रू सैल करून तो काढतां येतो, आणि बॅटरी मेलेली असली तरी पुष्कळ जुन्या गाड्या किकनें चालू होतात. नव्या गाडींत बॅटरी पार उतरली असेल तर पंपास वीज मिळत नाहीं, आणि ढकलूनही गाडी चालू होईलच असें नाहीं. म्हणून नव्या गाडीच्या धन्यानें बॅटरीच्या टोंकांस बसणारें हत्यार व जादा फ्यूज यांस अग्रस्थान द्यावें.

आतां पाने. पान्यावरील आंकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतर मिलिमीटरमध्यें दाखवितो. बहुतेक लहान गाड्यांस ८, १०, १२, १४ आणि मागच्या आंसाच्या नटाचा, एवढीं मापें पुरतात. परंतु हीं मापें दुसऱ्याच्या सांगण्यावरून न घेतां आपल्या गाडीच्या नटांवर पाना बसवून ठरवावीं. बंद तोंडाचा पाना नटाच्या साही कोपऱ्यांस धरतो व सहसा घसरत नाहीं. उघडा पाना दोनच बाजूंस धरतो. म्हणून एका टोंकास बंद व दुसऱ्या टोंकास उघडा असा पाना घेणें सोयीचें. सर्व मापांस चालणारा स्क्रू-पाना सोयीचा वाटतो खरा, पण तो सैल बसून नटाचे कोपरे गोल करतो. मग योग्य पानाही त्यावर धरत नाहीं. प्लगचा पाना स्वतंत्र घ्यावा लागतो. जुन्या बुलेट, येझदी, राजदूत यांच्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगास बहुधा २१ चा, तर शंभर सीसीच्या होंडा घडणीच्या गाड्यांतील १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगास १६ चा पाना लागतो. प्लग इंजिन निवाल्यावरच काढावा आणि बसवितांना पहिले आटे हातानें फिरवावे. इंजिनचें डोकें ॲल्युमिनियमचें असतें. तिरपा प्लग पान्यानें रेटल्यास त्याचे आटे कायमचे जातात.

बाभळीच्या काट्यांच्या आपल्या वाटांवर पंक्चर हा मुख्य शत्रू होय. टायरच्या बाजूवर ‘ट्यूबलेस’ असें छापलेलें आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. तसा टायर असल्यास भोंक साफ करण्याची कानस, पट्टी ओढण्याची सुई, चार-पांच रबरी पट्ट्या आणि पंप एवढ्यांत, चाक न काढतां, काम होतें. ट्यूब असल्यास टायर उचकटण्याचे दोन लिव्हर, ठिगळें, सोल्यूशन व कांचकागद लागतो, आणि बहुधा चाकही उतरावें लागतें. सोल्यूशनची नळी एकदां फोडली कीं पुढें ती आंतल्या आंत सुकते. म्हणून नवी न फोडलेली नळी बाळगावी. सायकलच्या पंपाचें तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हवर बसेलच असें नाहीं, तें घरींच बसवून पाहावें.

सुट्या भागांत चेनच्या मापाची एक जोडकडी क्लिपसह असावी. ती बसवितांना क्लिपचें बंद टोंक चेनच्या चालीच्या दिशेस ठेवावें; उलट बसविलेली क्लिप उडण्याचा संभव असतो. क्लचची जादा केबल घ्यावी. ती जुन्या केबलच्या शेजारून आधींच ओंवून बांधून ठेविली तर अंधारांत केवळ दोन टोंकें अडकविण्याचें काम उरतें. फ्यूज त्याच आंकड्याचा घ्यावा. फ्यूजच्या जागीं तार किंवा चांदीचा कागद घालणारे बहाद्दर आम्हीं पाहिले आहेत. त्यानें गाडी चालू होते, परंतु दोष तसाच राहून सर्व वायरिंग जळण्याची भीति असते. याखेरीज पक्कड, सपाट व फुलीच्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर, हातभर बाइंडिंग तार, विजेची चिकटपट्टी, जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, फडकें आणि डोक्यास बांधावयाची लहान बॅटरी घ्यावी. मोबाइलच्या उजेडांत काम करतां येतें, पण एक हात गुंततो, आणि मदतीस हांक मारण्याच्या वेळीं त्याचीच शक्ति संपलेली असते.

एवढें जमविल्यावर मुख्य गोष्ट राहते, ती परीक्षा. एखाद्या मोकळ्या दिवशीं घरच्या मोठ्या पेटीस हात न लावतां, केवळ बरोबर न्यावयाच्या पिशवींतील हत्यारांनीं मागचें चाक उतरावें, प्लग काढावा, चेनचा ताण साधावा व सर्व पुन्हां जोडावें. जें हत्यार लागलें आणि पिशवींत नव्हतें तें घालावें. जें कोठेंच लागलें नाहीं तें काढावें. या परीक्षेंत पुष्कळांस असें आढळेल कीं आंसाचा नट गॅरेजांत हवेच्या यंत्रानें इतका आवळलेला आहे कीं लहान पान्यानें तो हलत नाहीं. हें ज्ञान अंगणांत झालेलें बरें. मध्यरात्रीं घाटांत झालें तर तें निरुपयोगी आहे.

पिशवी सीटखालीं किंवा बाजूच्या पेटींत, फडक्यांत गुंडाळून घट्ट बांधावी. पाने कमरेस किंवा पाठीवरील पिशवींत ठेवूं नयेत. पडल्यास तींच हत्यारें हाडांस इजा करतात. आणखी एक गोष्ट घरोघरची आहे: विहिरीच्या पंपासाठीं किंवा फवारणीच्या यंत्रासाठीं गाडींतला पाना काढून नेला जातो आणि तो तेथेंच राहतो. शेतावरील कामास वेगळा जोड घ्यावा, व गाडीच्या पान्यांस रंगाचा एक पट्टा मारून घरांतील सर्वांस त्याची ओळख द्यावी.

वाटेंत गाडी बंद पडल्यास प्रथम ती रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी. रहदारीकडे पाठ करून बसूं नये. ब्रेक बिघडला असेल तर हत्यारें असूनही गाडी चालवूं नये. टेम्पोचें भाडें दवाखान्याच्या खर्चाहून कमीच असतें.

खंडेनवमीस आपण हत्यारांची व गाडीची पूजा करतों. त्या दिवशीं ही पिशवी उघडावी, पाने मोजावे, त्यांस तेलाचा हात द्यावा, सोल्यूशनची नळी दाबून पाहावी व जोडकडी जागेवर आहे याची खात्री करावी. दुखणाइतास घेऊन निघण्याची रात्र सांगून येत नसते. त्या रात्रीं पिशवींत जें असेल तेवढेंच आपलें.