चीपला विचारा

कविता लिहिणाऱ्या माणसाला रेडिओवर बोलावलं, की तो पाऊस, चंद्र किंवा आई यांवर बोलेल असं लोकांना वाटतं. मी आज ॲल्युमिनियम कापण्याविषयी बोलणार आहे. बी.ए. झाल्यावर मास्तरकीची नोकरी लागेपर्यंत मी काही वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, चाचांच्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीन चालवलं. माझ्या कवितांच्या पहिल्या वहीवर अजून तेलाचे डाग आहेत.

ते दिवस मागे पडले होते. पण गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता भाच्याचा फोन आला. "मामू, तिसरा कटर तुटला. सहा प्लेटी गेल्या. मशीन विकून टाकू का?"

या पोरानं कर्ज काढून टेबलावर बसणारं एक छोटं मिलिंग मशीन घेतलंय. पहिलीच मोठी ऑर्डर : ॲल्युमिनियमच्या चाळीस प्लेटी, प्रत्येकीत सहा मिलिमीटर रुंदीची एक खाच. माल शनिवारी द्यायचा. खराब झालेल्या प्लेटींचे पैसे त्याच्या बिलातून कापले जाणार होते आणि बँकेचा हप्ता तोंडावर होता. मी सकाळच्या एस.टी.नं त्याच्याकडे गेलो.

मिलिंग म्हणजे काय, ते आधी सांगतो. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असतं. मिलिंगमध्ये उलट, कटर गरगर फिरतो आणि वाइसमध्ये आवळलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. कटर दिसतो ड्रिलसारखा, पण तो बाजूनंही कापतो. त्याच्या अंगावर धारदार दात असतात आणि दोन दातांमध्ये पन्हळ असते. कापलेला कीस, ज्याला आम्ही चीप म्हणतो, तो या पन्हळीतून बाहेर पडतो.

भाच्याचा तुटलेला कटर मी हातात घेतला. चार दातांचा होता आणि चारही पन्हळी चकचकीत धातूनं गच्च भरल्या होत्या. दुखणं तिथंच कळलं.

ॲल्युमिनियम मऊ म्हणून सोपं, असा सगळ्यांचा समज असतो. पण मऊपणाच त्याची खोड आहे. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. पोलादाला त्याच्या दुपटीहून अधिक तापमान लागतं. कापताना धारेजवळ उष्णता आणि दाब वाढला, की ॲल्युमिनियम न वितळताही धारेला चिकटतं. त्यावर आणखी थर चढतो, पन्हळ बुजते, चीपला वाट राहत नाही आणि कटर कट्‌कन तुटतो.

म्हणून पहिली गोष्ट कटरची. पोलादाला चार दातांचा चालतो. ॲल्युमिनियमला दोन किंवा तीन दातांचा घ्यावा, म्हणजे पन्हळ मोठी मिळते. धार तीक्ष्ण आणि पन्हळ गुळगुळीत हवी. दुकानदार काळपट मुलामा दिलेला महागडा कटर पुढे करतो. पोलादासाठी तो उत्तम, पण त्या मुलाम्यात बहुधा ॲल्युमिनियमच असतं आणि सजातीय सजातीयाला चिकटतं. त्यापेक्षा बिनमुलाम्याचा साधा कटर बरा.

दुसरी गोष्ट वेगाची. साध्या हायस्पीड स्टीलच्या कटरची धार ॲल्युमिनियमवर मिनिटाला साधारण ७५ मीटर धावली तर चांगलं. मिनिटाचे फेरे काढायचे तर या ७५ ला हजारानं गुणायचं आणि ३.१४ गुणिले कटरचा व्यास यानं भागायचं. दहा मिलिमीटरच्या कटरला सुमारे २४०० फेरे येतात, सहाच्या कटरला सुमारे ४०००. भाच्याचं मशीन २५०० च्या पुढे जात नाही. त्यानं बिघडत नाही. फेरे कमी पडले तर ॲल्युमिनियम माफ करतं. माफ करत नाही ती तिसरी गोष्ट : फीड.

फीड म्हणजे जॉब पुढे सरकवण्याचा वेग. कटर तुटायला लागल्यावर भाच्यानं घाबरून फीड कमी केलं. मिनिटाला ६० मिलिमीटर. हळू चालवलं की धोका कमी, असं कुणालाही वाटेल. पण हिशेब करा. २५०० फेरे, चार दात, म्हणजे मिनिटाला दहा हजार घास. ६० मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.००६ मिलिमीटर येतं. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकं. एवढ्या पातळ घासात धार रुतत नाही, नुसती घासते. घासलं की तापतं, तापलं की चिकटतं. शिवाय जाड चीप आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते; भुकटी ती नेत नाही.

सहाच्या कटरला प्रत्येक दातामागे ०.०४ मिलिमीटर धरलं, तर २५०० गुणिले दोन दात गुणिले ०.०४, म्हणजे मिनिटाला २०० मिलिमीटर. भाचा म्हणाला, "मामू, तिप्पट वेगानं? हा कटरही जाईल." मी म्हटलं, "गेला तर पैसे माझे."

मात्र छोट्या मशीनचं अंग हलकं, ते लगेच थरथरतं. म्हणून घास खोल घ्यायचा नाही. खाच एका दमात न पाडता आम्ही दर फेरीला एकच मिलिमीटर उतरलो. कटर चकमधून जेमतेम गरजेइतकाच बाहेर ठेवला. तो दुप्पट बाहेर काढला, तर तेवढ्याच जोराला आठपट वाकतो. आमच्या वेळी ब्रशनं रॉकेल लावत. त्याचा धूर आणि आगीचं भय दोन्ही वाईट. आम्ही पातळ कटिंग ऑइल लावलं आणि खाचेतली चीप हवेच्या हलक्या झोतानं सतत बाहेर काढली, कारण पडलेली चीप पुन्हा कटरखाली आली तरी तो तुटतो. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. हातात मोजे मात्र नकोत. फिरता कटर मोजा पकडतो आणि मग बोटं. मशीन चालू असताना चीपला हात लावायचा नाही.

सगळं लावून झाल्यावर मी कान दिला. आधीची किंचाळी गेली होती. एकसुरी, भरीव आवाज येत होता. चाचा म्हणायचे, "मशीनला विचारू नकोस, चीपला विचार." मशीन थांबवून भाच्याच्या तळहातावर मी चिमूटभर चीप ठेवली. आदल्या रात्री राखेसारखी भुकटी पडत होती. आता लहान, चकचकीत, वळणदार तुकडे होते. अगदी छापील स्वल्पविरामासारखे. तो बराच वेळ बघत राहिला.

शनिवारी चौतीस प्लेटी गेल्या. सहांचे पैसे कापले गेले आणि कमी पडलेला हप्ता आम्ही दोघांनी मिळून भरला. मशीन जागेवर आहे. परवा त्याचा फोन आला, तो एवढंच सांगायला : "मामू, तोच कटर अजून चालतोय."

भीतीनं हात आखडला, की धार घासते आणि तुटते. घास बेताचा घ्यावा, पण घेताना नीट घ्यावा. हे मी ॲल्युमिनियमविषयीच सांगतोय. बाकीचं तुम्ही जाणताच.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)