रेसनंतरचे तीन दिवस : रिकव्हरी म्हणजे नेमकं काय?

आज बोलूया रेस संपल्यानंतरच्या गोष्टीवर. कारण ट्रेनिंग प्लॅन सगळे डाउनलोड करतात, पण त्यातल्या 'रेस्ट डे'वर बोट आलं की पुढे सरकवतात.

आधी एक उदाहरण. 'रेस अक्रॉस अमेरिका', म्हणजे रॅम. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटर, आणि एकट्याने करायची तर मुदत १२ दिवस. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांची टीम म्हणून ती पूर्ण केली. लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ यांची २०१६ ची सोलो रेस अर्धवट राहिली. २०१७ मध्ये पुन्हा गेले आणि ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोचले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती पूर्ण केली. चौघंही डॉक्टर. फक्त हौस जरा मोठी!

याच रेसमध्ये 'शर्मर्स नेक' नावाचा प्रकार होतो. मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर धरताच येत नाही. तिथे इच्छाशक्ती कामाला येत नाही, विश्रांतीच लागते.

आता आपल्याकडे या. नाटे, जैतापूर, आंबोळगड भागात सायकल चालवली असेल तर माहीत आहे, सपाट रस्ता मिळतच नाही. खाडीकडे उतरायचं, परत सड्यावर चढायचं. त्यात दमट हवा, घाम सुकत नाही. अशा राईडमध्ये शरीरात तीन गोष्टी होतात.

एक, इंधन संपतं. स्नायू आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं. दोन-तीन तास जोर लावला की ते तळाला जातं, आणि भरायला एक दिवस तरी लागतो. दोन, घामातून पाणी आणि मीठ जातं. तीन, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरताना स्नायू आधीपेक्षा मजबूत होतात. म्हणजे बघा, ताकद सायकलवर वाढत नाही, नंतर झोपेत वाढते. सर्व्हर अपडेट होत असताना प्लग काढला तर काय होईल? तेच इथे.

मग करायचं काय?

पहिले काही तास : वजन ६० किलो असेल तर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. महाग पावडर नको. दोन केळी आणि मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत चालतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून चिमूटभर मीठ टाका. नुसतं पाणी ढसाढसा पिऊ नका, रक्तातलं सोडियम घसरू शकतं. जेवणात भात आणि कुळथाची पिठी किंवा मासे. प्रोटीनही आलं.

दुसरा दिवस : आठ-नऊ तास झोप. सायकल बंद. हवं तर समुद्रावर आरामात चाला.

तिसरा दिवस : सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त असतील तर अजून थांबा. ठीक असेल तर हलक्या गियरवर अर्धा-पाऊण तास. पण आपल्याकडे चढ टाळता येत नाही, म्हणून चढावर दम लागला की सरळ उतरून चाला. रिकव्हरी राईडला स्ट्राव्हाचा रेकॉर्ड मोडायचा नसतो.

आणि एक महत्त्वाचं. लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, छातीत दुखलं किंवा चक्कर थांबत नसेल, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसू नका. लगेच डॉक्टरकडे जा.

ज्या मित्राची पहिली २०० ची राईड नुकतीच झाली आहे आणि जो उद्या परत निघणार आहे, त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या वेळी!